घड्याळ कुणाच्या बापाचं?

जहाजाला रविवार नसतो. जहाज धक्क्याला लागलं की त्याचा खर्च तासातासाने चढतो, आणि तो खर्च वाचवायचा म्हणून आमची हाडं झिजवली जातात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. मुकादमाचा फोन आला की उठायचं, इंदिरा डॉकच्या गेटवर पास दाखवायचा, डोक्यावर टोपी चढवायची आणि स्टीलच्या कॉइलींना साखळदंड आवळत बसायचं. हे काम आम्हाला येतं. या अंकात बोलायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल. आम्हाला बी. ए. व्हायचंय.

हसू नका. हसणारे आधीच पुष्कळ झालेत. ठेकेदाराच्या हपिसातला कारकून हसला. नाक्यावरचा पानवाला हसला. आपल्यातलेच दोन शिकलेले, नोकरीला लागलेले आणि घोडपदेव सोडून पार पलीकडे राहायला गेलेले, तेही हसले. म्हणून हे संपादकीय.

माझ्या टोळीत एक मित्र आहे. बारावी झाली, बाप गेला, तो गोदीत आला. दोन वर्षांपूर्वी त्याने एका अभ्यासकेंद्रात बी. ए.ला नाव घातलं. ओव्हरटाइमच्या पैशातून फी भरली. पावती घेऊन आम्ही दोघं केंद्रावर गेलो. शिपाई म्हणाला, रविवारी या. रविवारी जहाज आलं. पुढच्या रविवारी गेलो तर वर्गाला कुलूप. तिसऱ्या खेपेला एक सर भेटले. म्हणाले, "पुस्तकं वाचा, परीक्षेला या, पास व्हाल. उगाच हेलपाटे कशाला घालता?" माणूस वाईट नव्हता, खरं तेच सांगत होता. त्या केंद्रात शिकवायची रीतच नव्हती. फॉर्म घ्यायचा, फी घ्यायची, पुस्तकांचा गठ्ठा द्यायचा, हॉलतिकीट द्यायचं, झालं.

मित्राने पुस्तकं वाचली. रातपाळीच्या मधल्या सुट्टीत, शेडच्या दिव्याखाली वाचली. अर्थशास्त्रात अडला. विचारायला कोणी नाही म्हणून मला विचारलं. मी दहावी पास! मी काय सांगणार, कप्पाळ? परीक्षेच्या दिवसात मुकादमाने सुट्टी दिली नाही, एक पेपर बुडाला. आता ती पुस्तकं माळ्यावर पडलीत, आणि तो म्हणतो, "आपल्याला डोकं नाय रे."

हे वाक्य मला झोपू देत नाही. हजारो वर्षं आपल्याला हेच ऐकवलं, की तुम्हाला डोकं नाही. पूर्वी सांगायला पोथी लागायची, पुरोहित लागायचा. आता एका वर्गाचं बंद दार पुरतं. माणूस आपण होऊन स्वतःला ते सांगायला लागतो.

जाहिरातीत छापलेलं असतं, घरबसल्या पदवीधर व्हा. छापणाऱ्याने आमचं घर पाहिलेलं नाही. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. एका बाजूला शेगडी, एका बाजूला टीव्ही, बाहेर नळावरचं भांडण. जिथं बसायलाच जागा नाही तिथं घरबसल्या काय होणार? फोन आहे, कबूल. तीन माणसांत एक. धाकटी त्यावर शाळेचं बघते, बाप बातम्या बघतो, आणि रात्री बाराला तो माझ्या हातात येतो तेव्हा माझेच डोळे मिटलेले असतात.

कोणी म्हणेल, तुझ्या आजोबाला कुठं पदवी होती? बरोबर. आजोबा सही करण्यापुरता शिकला होता. पण १९४८ च्या गोदी कामगार कायद्यापाठोपाठ मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं आणि आजोबाचं नाव रजिस्टरवर चढलं. काम मिळो न मिळो, हजेरीचा काही हक्क होता. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं, बाप पोर्टाचा नोकर झाला आणि पेन्शन घेऊन बाहेर पडला. मी ठेकेदाराचा. माझं नाव कुठल्याच रजिस्टरवर धड नाही. गिरणगावाची तीच कथा. १९८२ चा संप झाला, गिरण्या एकेक करून गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. मॅट्रिकवर घर चालायचं ते दिवस संपले. टॉवरमध्ये काम आहे, पण ते काम दारातच विचारतं, ग्रॅज्युएट आहेस का? नसशील तर खालच्या केबिनमध्ये बस, शिट्टी घे, गाड्या लाव.

म्हणून पदवी. हौस म्हणून नाही, मिरवायला तर नाहीच.

आता इतिहास बघू, कारण हा प्रश्न आजचा नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची विद्यापीठाने. १९२४-२५ मध्ये विद्यापीठ सुधारणा समितीने प्रश्नावली काढली तेव्हा बाबासाहेबांनी तिला लेखी उत्तर दिलं. नुसत्या परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठावर त्यांचा रोख होता. विद्यापीठ आणि कॉलेजं यांनी शिकवण्याच्या कामात बरोबरीचे भागीदार व्हावं, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती कोंबणं हे त्यांच्या लेखी विद्यापीठाचं काम नव्हतं, त्याची बुद्धी जागी करणं हे काम होतं. पुढं १९२७ साली मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी मागितलं, की खालच्या वर्गांना उच्च शिक्षण जितकं स्वस्त करता येईल तितकं स्वस्त करा.

या दोन मागण्या एकत्र वाचा. खरं शिकवा, आणि स्वस्तात शिकवा. दोन्ही एकदम. सरकारने शंभर वर्षांत काय केलं? दोन्हींची फारकत केली. ज्याला खरं शिकायचं त्याला महाग, आणि ज्याला स्वस्त पाहिजे त्याला पुस्तकांचा गठ्ठा.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण काढलं. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये काढलं, तीच कालिन्याची दूरशिक्षणाची संस्था. १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं आणि १९८९ मध्ये नाशिकला आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. या विद्यापीठाला शिव्या देणं सोपं आहे. मी देणार नाही. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांच्यासाठी त्याने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला, पुस्तकं मराठीत काढली, आणि हवालदार, कंडक्टर, अंगणवाडीच्या बाया, शेतावरची पोरं यांना बी. ए.चा रस्ता दाखवला. हा उपकार नव्हे, पण काम मोठं आहे.

त्याची मूळ कल्पना भागीदारीची आहे. विद्यापीठ नाशिकला. पण नाशिकला जायचं नाही. आपल्या भागातल्या कॉलेजात अभ्यासकेंद्र. पुस्तक घरी वाचायचं, अडलं ते केंद्रावर येऊन शिक्षकाला विचारायचं. अर्धं घरी, अर्धं वर्गात. इमारत कॉलेजची, बाक कॉलेजचे, शिक्षक कॉलेजचा, अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची. नवी इमारत बांधायची नाही म्हणून फी कमी. नोकरी सोडायची नाही म्हणून पोट चालू. कागदावर याच्याइतकी कामगाराच्या सोयीची योजना दुसरी नाही. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा टीव्ही-रेडिओवर धडे दिले, पोस्टाने पुस्तकं पाठवली, आणि जोडीला ठिकठिकाणी केंद्रं आणि उत्तरं तपासून चूक कुठं झाली ते लिहून कळवणारे शिक्षक दिले. म्हणजे अर्ध्या वर्गाची बाजूही त्यांनी खरी ठेवली.

आपल्याकडे नेमकी तीच बाजू सडते. घरचं अर्धं आपण करतो, शेडच्या दिव्याखाली का होईना. वर्गाचं अर्धं कोण करतो? ज्या केंद्राचा फायदा किती फॉर्म भरले यावर ठरतो, त्याला किती तास झाले याची पडलेली नसते. विद्यापीठ दूर, ते तास मोजायला येत नाही. कॉलेजला ही पोरं आपली वाटत नाहीत. त्यांची पोरं दिवसाची, अकराची. आम्ही उष्ट्या वेळेचे. आणि भागीदारीचा करार दोन मोठ्या माणसांत झालेला. ज्याच्यासाठी झाला त्याला त्यातलं एक कलम माहीत नाही.

मग उपाय काय? उपाय आपल्या घरातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा दिवसाच्या शाळेत येणार नाही, हे त्यांना सांगायला कुठली समिती लागली नाही. आणि बाबासाहेब! परळच्या डबक चाळीत एका खोलीत अख्खं बिऱ्हाड, पोरगा अभ्यास करणार कधी, म्हणून बाप त्याला रात्री दोनला उठवायचा. हाच पोरगा पुढं बडोद्याच्या पंचवीस रुपये महिना शिष्यवृत्तीवर १९१२ साली बी. ए. झाला. जागा आणि वेळ नसली की विद्वत्तेचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. म्हणून १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढल्यावर त्यांनी १९४६ च्या जूनमध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडलं, तेव्हा ते सकाळी भरवलं. पोरांनी सकाळी कॉलेज करावं आणि मग हपिसात, कारखान्यात जावं.

यातलं मर्म बघा. नोकरी करणारा आहे म्हणून त्याला कमी शिकवा, असं बाबासाहेबांनी केलं नाही. हलका अभ्यासक्रम काढला नाही, नुसती पुस्तकं पाठवली नाहीत. चांगल्यात चांगले प्राध्यापक आणले, ग्रंथालय उभं केलं, आणि फक्त घड्याळ बदललं. अकराचं कॉलेज ही काही निसर्गाने दिलेली वेळ नाही. ज्याचं पोट बाप भरतो त्याच्या सोयीची ती वेळ आहे. बाबासाहेबांनी विचारलं, घड्याळ कुणाच्या बापाचं? आणि काटे फिरवले. त्या कॉलेजातून आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातून कोण बाहेर पडलं ते तुम्हाला सांगायला नको. १९७२ ची ठिणगी तिथल्या खोल्यांतून, तिथल्या रात्रीच्या वादांतून पेटली.

आणि ज्यांच्यावरून आपण पँथर हे नाव घेतलं ते अमेरिकेचे काळे पँथर कुठले? ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची गाठ पडली ती हार्वर्डमध्ये नाही. ओकलंडच्या मेरिट कॉलेजात पडली. तिकडे याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. वस्तीजवळचं, सरकारी, दोन वर्षांचं कॉलेज. काम करता करता दोन वर्षं इथं शिकायचं, आणि मग मोठ्या विद्यापीठात पुढच्या वर्गात जायचं. कॅलिफोर्नियात १९८४ पर्यंत अशा कॉलेजांत शिकवणीची फी नव्हती. तिथल्या काळ्या पोरांनी नुसता प्रवेश घेऊन समाधान मानलं नाही. आमचा इतिहास कुठं आहे, असं विचारून त्यांनी कॉलेजला काळ्यांचा इतिहास शिकवायला भाग पाडण्यासाठी भांडण काढलं. १९६६ च्या ऑक्टोबरात त्या दोघांनी पक्ष काढला. सांगायचं काय, तर वस्तीजवळच्या स्वस्त कॉलेजात चार पोरं रोज समोरासमोर बसली की नुसती पदवी मिळत नाही, माणसं एकमेकांना सापडतात. पुस्तकांच्या गठ्ठ्यातून हे होत नाही. फोनवरच्या व्हिडिओतून तर मुळीच नाही. माळ्यावर पुस्तकं ठेवणारा माझा मित्र एकटा होता म्हणून हरला. बाजूच्या बाकावर आणखी तिघं अर्थशास्त्रात अडलेले असते तर तो स्वतःला बिनडोक समजला नसता.

आता नवं काय चाललंय ते बघा. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं. पहिल्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. क्रेडिट म्हणे बँकेत जमा राहतील, पुन्हा येऊन उचला. ऐकायला गोड आहे. ज्याला मधेच शिक्षण सोडावं लागतं त्याचं वर्ष वाया जात नाही, हे मी नाकारत नाही. पण या इमारतीला बाहेर पडायची दारं मोजून बघा. आणि मग विचारा, पहिल्या दाराने कोण बाहेर पडणार? आमची पोरं. चौथ्या वर्षापर्यंत कोण बसणार? ज्याच्या घरी पगार येतो तो. उद्या आकडे दाखवून सांगतील, सगळ्यांना काही ना काही मिळालं. एकाला ऑनर्स, एकाला चिटोरं. बाहेरची दारं ठेवलीत तर परत आत येणाऱ्याचा हात धरायला माणूसही ठेवा. बँकेत क्रेडिट आहेत, पण बँकेत जायला पाळीतून वेळ नाही, त्याचं काय?

'स्वयम्' नावाचा सरकारी ऑनलाइन वर्ग २०१७ पासून चालू आहे, आणि २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट त्यातून घ्यायला मुभा दिली. मी यंत्राचा शत्रू नाही. चांगल्या प्राध्यापकाचा तास मी लोकलमध्ये ऐकू शकलो तर मला पाहिजेच आहे. पण यंत्र माणसाच्या जोडीला पाहिजे, माणसाच्या जागेवर नको. २०२० च्या ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षणाच्या ऑनलाइन परीक्षेची यंत्रणा कोलमडली, पेपर पुढं ढकलावे लागले. विद्यापीठाने सांगितलं, सायबर हल्ला झाला. असेल. पण त्या दिवसाची हजेरी बुडवून, उसना फोन घेऊन बसलेल्या पोराची मजुरी कोणी भरून दिली?

एक गोष्ट मात्र पदरात पडली आहे, ती घट्ट धरा. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने जाहीर केलं, की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन घेतलेली पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी. म्हणजे कायद्याने तुम्ही समान. पण कायद्याने समान आणि मुलाखतीत समान यातलं अंतर आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? १९५० पासून आपण तेच अंतर चालतो आहोत. आमच्या गल्लीतल्या एका पोराला मुलाखतीत साहेबाने विचारलं, "म्हणजे बाहेरून केलंय?" तो म्हणाला, "हो साहेब, मी बाहेरचाच आहे." नोकरी गेली, पण जबाब चोख होता. 'बाहेरून' हा शब्द आपल्याला नवा नाही. गावकुसाबाहेर, देवळाबाहेर, आता कॉलेजबाहेर. पदवी खरी असेल, तास खरे झाले असतील, तर हा शब्द त्या साहेबाच्या घशात घालता येईल. तास झालेच नसतील तर नुसत्या कागदाने तो शब्द पुसला जाणार नाही. म्हणून म्हणतो, स्वस्त पदवी पाहिजे, हलकी पदवी नको.

आता थोडं आपल्या माणसांबद्दल. आपल्यातले काही कवी म्हणतात, रस्ता हेच आमचं विद्यापीठ. मीही कवी आहे, मलाही ते बोलायला आवडतं. नारायण सुर्व्यांनी १९६६ साली आपल्या संग्रहाला 'माझे विद्यापीठ' नाव दिलं, ते त्यांना शोभलं. त्यांनी त्याची किंमत मोजली होती. पण त्या नावाच्या सावलीत बसून आपण आळस करायचा नाही. रस्त्याने मला माणूस शिकवला, भूक शिकवली, पोलिसाची काठी शिकवली. ताळेबंद शिकवला नाही. कायद्याचं कलम शिकवलं नाही. ठेकेदार माझ्या हजेरीत कसा घोळ घालतो ते वाचायला रस्ता शिकवत नाही.

दुसरे म्हणतात, पदवी घेऊन तरी काय, बेकारच राहायचं ना? हा प्रश्न खरा आहे. पण तो फक्त आम्हालाच का विचारता? दादरच्या फ्लॅटमधल्या बापाला कोणी सांगतं का, पोराला कॉलेजात घालू नको, नोकऱ्या नाहीत? बेकारीविरुद्ध लढू. अडाणी राहून लढण्यापेक्षा शिकून लढू.

आणि आपला जलसा! चौदा एप्रिलला घोडपदेव ते कॉटन ग्रीन स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. छाती दणाणते, मीही नाचतो. वर्गणीच्या त्या पैशातून दहाव्या हिश्शाचे तरी बाक का येऊ नयेत? विहारात संध्याकाळी वंदना झाली की खोली बंद, दिवा बंद. तो दिवा चालू ठेवायला कुठल्या विद्यापीठाची परवानगी लागत नाही. ज्या बाबासाहेबांनी घड्याळाचे काटे फिरवले त्यांच्या नावाच्या खोलीला रात्री आठला कुलूप लागतं, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

हे सगळं मी घरी वाचून दाखवलं तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, तू रातवर्ग, रातवर्ग करतोस. मी येऊ कशी? रे रोडच्या पुलाखालून रात्री दहाला एकटीने?" मी गप्प झालो. ती बारावी झाली आहे. घरकाम करून एका हपिसात झाडूपोछा करते. तिचा मोकळा वेळ सकाळचा, माझा कधी रात्रीचा, कधी दुपारचा. एकच घर आणि दोन घड्याळं. तिच्यामुळे मला कळलं, की आपली मागणी नुसत्या रातवर्गाची असून भागणार नाही. तिने माझा मूळ मसुदा खोडला. खाली आहे तो तिचा आणि माझा.

एक : अभ्यासकेंद्राच्या दारावर वेळापत्रक लावा. कुठला तास, कुठली तारीख, कोण शिकवणार. तास झाला नाही तर तेही तिथंच लिहा. विद्यापीठाने फॉर्म मोजू नयेत, झालेले तास मोजावेत, आणि केंद्राला पैसा त्या हिशेबाने द्यावा.

दोन : एकच तास आठवड्यात दोनदा घ्या, एकदा सकाळी सातला आणि एकदा संध्याकाळी. ज्याची पाळी बदलते त्याने या आठवड्यात सकाळी यावं, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी. दोन्ही चुकले तर त्याचा धडा मराठीत फोनवर उतरवून घेता यावा.

तीन : परळ, लालबाग, भायखळा, फोर्ट इथली कॉलेजं आणि पालिकेच्या शाळा सकाळी लवकर आणि संध्याकाळी रिकाम्या असतात. ते बाक जनतेच्या पैशाचे आहेत. चालत जाता येईल इतक्या अंतरावर केंद्र द्या, म्हणजे पोरी येतील.

चार : फी हप्त्याने घ्या. शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर देऊ नका. ज्याच्याकडे आधी भरायला असतं त्याला शिष्यवृत्ती लागत नाही.

पाच : परीक्षेच्या दिवसाची भरपगारी सुट्टी ठेकेदाराच्या कामगारालाही मिळाली पाहिजे. ही मागणी युनियनची आहे. युनियनवाल्यांनो, बोनससाठी गेट बंद करता, एकदा पेपरसाठी करून दाखवा.

यात अशक्य काय आहे? चंद्र मागितलाय का? विद्यापीठाने आणि कॉलेजाने आपसात केलेली भागीदारी आहे, तिच्यात आम्ही तिसरे भागीदार म्हणून बसायला मागतो. विद्यापीठाची पदवी, कॉलेजचा बाक, आणि आमची वेळ. आतापर्यंत आमच्या वेळेला कोणी भाग धरला नाही, आणि सगळी योजना तिथंच फुकट गेली.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत आपली माणसं सोळा वर्षं लढली. पोचिराम कांबळे मेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं, वस्त्या पेटल्या. ती लढाई दारावरच्या नावाची होती आणि ते नाव आपण लावून घेतलं. आता दाराच्या आतल्या वेळापत्रकाची लढाई आहे. तिच्यात जाळपोळ होणार नाही, पेपरात फोटो येणार नाही. रोज जाऊन विचारावं लागेल, साहेब, आजचा तास झाला का? ही लढाई कंटाळवाणी आहे. म्हणूनच ती आजवर कोणी लढली नाही.

सुरुवात आपण करू. या महिन्यात घोडपदेव, फेरबंदर, दारूखाना इथं घराघरात जाऊन आपण यादी करणार आहोत. दहावीनंतर सुटलेले किती, बारावीनंतर किती, पदवीच्या मधेच किती, आणि प्रत्येकाचा मोकळा वेळ कुठला. ती यादी घेऊन केंद्रांवर जायचं. विहाराची चावी मागितली आहे, अजून मिळालेली नाही, मिळवू. पहिल्या दिवशी तिथं जुनी पुस्तकं आणा. अर्थशास्त्र येणारा कोणी असेल तर त्याने आधी या. माझ्या मित्राला मी ओढून आणणार आहे, माळ्यावरच्या गठ्ठ्यासकट.

आणि मी? मी दहावी पास. या वर्षी बारावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. पास होईन की नाही माहीत नाही. परीक्षेच्या दिवशी जहाज आलं तर मुकादमाला काय सांगायचं ते मात्र ठरवून ठेवलंय.

जय भीम.